गळा चिमणीचा, चौकशी माझी

४ मे

चिमणीने आज जेवता जेवता सांगून टाकलं – इंजिनिअरिंगला जाणार नाही, संगीतात करिअर करणार.

हे पाणी पीत होते. पेला खाली ठेवला. तोंड पुसलं. मग विचारलं, "संगीतात म्हणजे कशात?"

"गाण्यात."

"ते कळलं गं. पण सकाळी उठून जायचं कुठे?"

चिमणी माझ्याकडे बघायला लागली. मी वाढत होते, वाढतच राहिले. शेवटी ती म्हणाली, "बघू."

'बघू' हा शब्द यांना चालत नाही. यांचं सगळं आयुष्य पंपांच्या कारखान्यात गेलं. तिथे पंप चालतो किंवा चालत नाही. बघू नसतं.

ठरलं ते असं – कॉलेजचे प्रवेश महिनाअखेर बंद होतात. तोवर संगीतात काय काय कामं असतात, माणसं त्यावर कशी जगतात, याची नीट चौकशी करायची. काही धड सापडलं तर ठीक, नाहीतर मुकाट्याने इंजिनिअरिंग.

"चौकशी कोण करणार?" हे म्हणाले.

"मी करते," मी म्हटलं. "नाहीतरी मला दुसरं आहेच काय?"

ते शेवटचं उगाच बोलले. दोघांनीही एकदम खाली माना घातल्या.

५ मे

खरंच, दुसरं आहेच काय! कोर्टातल्या साक्षींची रेकॉर्डिंग ऐकायची आणि टाइप करायची – लग्नाआधीपासून हेच केलं. खोकणारे साक्षीदार, एकमेकांवर बोलणारे वकील, मध्येच पंख्याची घरघर. थंडीत आमचा विभाग बंद झाला. आता मशीन ऐकतं आणि मशीनच लिहितं. निरोपाच्या भाषणात साहेब म्हणाले, "बाईंच्या कानांची सर मशीनला यायची नाही." मग मशीन ठेवलं आणि कान घरी पाठवले.

तेव्हापासून घरात. कपाटं आवरून झाली. आवरलेली परत आवरून झाली.

तर चौकशी. सुरुवात मावसभावापासून. हा स्टुडिओत ड्रम वाजवतो. चिमणी लहानपणापासून त्याला ढमढममामा म्हणते, आता सगळं घरच म्हणतं. फोनवर म्हणाला, "ताई, पोरीला घेऊन ये. पण आधीच सांगतो, बघण्यासारखं काही नसतं."

बघायचं नाहीच आहे म्हटलं, ऐकायचं आहे.

८ मे

स्टुडिओ म्हटल्यावर डोळ्यांसमोर काय काय येतं. निघाला टायरच्या दुकानावरचा मजला. जिन्याला रबराचा वास. आत मात्र दार लागलं आणि एकदम असं वाटलं की कोणीतरी कानांवर उशी ठेवली. स्वतःचं गिळणं ऐकू येतं. मला भारी आवडलं. चिमणी म्हणाली, गुदमरतंय.

फरशी पुसण्याच्या औषधाची जाहिरात चालू होती. एकच ओळ – फरशी हसली, फरशी हसली. गाणारी बाई माझ्याएवढी असेल. पायात घरातल्या सपाता, मांडीवर विणकाम. काचेपलीकडून खूण झाली की सुया ठेवते, उभी राहून हसली-हसली गाते, परत बसून विणायला लागते. किती वेळा गायली कोण जाणे. मधल्या वेळात मी तिला विचारलं, "तुम्ही नेहमी हेच गाता?"

"फरशी, साबण, बँक, डोकेदुखीच्या गोळ्या," ती म्हणाली. "माझा आवाज घराघरांत आहे हो, पण मला कोणी ओळखत नाही. भाजी आणायला निवांत जाता येतं."

"कधी वाटत नाही, आपलं नाव व्हावं?"

तिने सुईवरचे टाके मोजायचे थांबवले, विचार केला. "वाटायचं. मग मुलगा झाला, तो रात्रभर रडायचा. नाव झालेल्या बायका दौऱ्यावर जातात. मला इथून घरी चालत जाता येतं." आणि परत सुया.

ध्वनिमुद्रण करणारा टोपीवाला बराच तरुण. पडद्यावर आवाजाचे डोंगर दिसतात, ते तो कापतो आणि जोडतो. मला म्हणाला, "पहिल्या वेळचं 'फर' घेतलंय, सातव्या वेळची 'शी'."

"आणि 'हसली'?"

"हसली अजून मिळाली नाही."

मी त्याला इतके प्रश्न विचारले की शेवटी त्याने मला दुसरी खुर्चीच दिली. दोन तुकड्यांचा सांधा ऐकू येऊ नये म्हणून काय करतो, तर श्वासावर कापतो. श्वास कोणी ऐकत नाही म्हणे. मी म्हटलं, मी ऐकते. साक्षीदार खोटं बोलायच्या आधी श्वास घेतो. तो खूप हसला. म्हणाला, गाणारेसुद्धा अवघड जागेच्या आधी तसाच घेतात.

चिमणी मामाजवळ बसून होती. घरी येताना विचारलं, कसं वाटलं? "छान होतं," म्हणाली. कोणाकडे नावडती भाजी वाढल्यावर म्हणते तसं.

९ मे

चिमणीने आज रियाज केला नाही. विचारलं नाही.

१२ मे

हक्कांचं ऑफिस! असं काही असतं हेच मला माहीत नव्हतं. कुठेही गाणं वाजलं – दुकानात, विमानात, व्यायामशाळेत – की ते कोणाचं, हे ठरवून त्याला त्याचा वाटा पोचवायचा. ढमढममामाच्या ओळखीची एक वकीलबाई तिथे मोठ्या हुद्द्यावर आहे. चष्मा केसांत अडकवलेला आणि सारखा शोधणार. माझ्या चिमणीला उभं करून म्हणाली, "हे बघ बाळ. गाणं लिहिणारा एक, चाल लावणारा एक, गाणारा एक, विकत घेणारा एक. भांडणारे सगळे. म्हणून माझी नोकरी पक्की."

लांबच लांब खोली, रांगेने माणसं, सगळ्यांच्या कानांवर हेडफोन. कोणी हाताने टेबलावर ताल धरलाय, कोणी डोळे मिटलेत, आणि खोलीत मात्र चिडीचूप. मला आमचं जुनं ऑफिस आठवलं.

आम्ही असतानाच एक गृहस्थ तावातावाने आले. म्हणे माझी चाल ढापली. वकीलबाईने आधी त्यांची चाल ऐकली, मग दुसरी. मलाही ऐकवली. दोन्हीही मला सारख्याच वाटल्या, मग वेगळ्या वाटल्या, मग परत सारख्या.

ते गेल्यावर मी विचारलं, "चोरी नक्की कुठे सुरू होते, ते कसं कळतं तुम्हाला?"

"कायद्याने सांगू की खरं सांगू?"

"खरं सांगा."

"दोन्ही गाण्यांत माझी मान आपोआप त्याच जागी हलली, की मी फाइल उघडते. कायदा मग शोधते."

चिमणी इतका वेळ कुठे होती? भिंतीवरच्या नकाशासमोर. कोणती गाणी कुठे वाजतात ते दाखवायला रंगीत टाचण्या लावल्यात. वकीलबाईने विचारलं, "काय दिसतं त्यात?" तर म्हणते, "नदीच्या या बाजूला निळ्या जास्त आहेत, आणि पूल आहे तिथून त्या पलीकडे जायला लागतात."

वकीलबाईने चष्मा शोधला, लावला आणि बघितलं. म्हणाली, "अरेच्चा."

१५ मे

सभागृह. दुपारची वेळ, सगळ्या खुर्च्या रिकाम्या, मंचावर वायरींची वेटोळी आणि त्यात तारा जुळवत बसलेला एक व्हायोलिनवाला. आवाज सांभाळणारी बाई – आम्ही तिचं नाव बूटवाली ठेवलंय. एवढे जाड बूट मी बांधकामावरच्या माणसांचेच पाहिलेत. तिने आल्या आल्या चिमणीच्या हातात वायरचं भेंडोळं दिलं आणि म्हणाली, "गुंडाळ. कशी गुंडाळतेस त्यावरून मी माणूस ओळखते." चिमणीने व्यवस्थित गुंडाळलं. बूटवालीने मान डोलावली. पोरगी आल्यापासून पहिल्यांदा हसली.

मागे, हॉलच्या मधोमध तिचं टेबल. सगळ्या कळा, सरकपट्ट्या. मला शेजारी उभं केलं. तिने एक पट्टी नखभर वर नेली आणि मंचावरचा व्हायोलिनवाला एकदम माझ्या शेजारी येऊन वाजवायला लागल्यासारखा झाला. परत खाली, तो परत गेला मंचावर. मी म्हटलं, परत करा. तिने परत केलं. लहान मूल करतं तसं मी तीनदा करायला लावलं.

मग म्हणाली, "हे सगळं संध्याकाळी चूक ठरणार आहे बरं का. हॉल रिकामा असतो तेव्हा आवाज उड्या मारतो. माणसं भरली की त्यांच्या कपड्यांत जिरतो."

"मग आत्ता कशाला लावायचं?"

"चूक किती आहे ते कळायला."

हे एकच वाक्य घोळवत मी घरापर्यंत आले. किती गोष्टींना लागू पडतं.

निघताना मी तिला, हे नक्की विचारतील तो प्रश्न विचारला – म्हातारपणी काय? ती म्हणाली, "माझी पाठ जाईल की कान आधी जातील, याच्यावर आमच्या ग्रुपमध्ये पैज आहे." मग गंभीर होऊन म्हणाली, "ताई, मी कारकून होते आधी. तिथे पाठ गेलीच होती."

१६ मे

चूक माझीच. जेवताना फार उत्साहात सांगत सुटले. हक्कांचं ऑफिस, पट्टी नखभर वर, व्हायोलिनवाला. हे ऐकत होते. मग एकदम म्हणाले, "हौस वेगळी आणि पोट वेगळं. तुम्ही दोघी सहलीला गेल्यासारख्या फिरताय."

"तुम्हीच म्हणालात चौकशी करा."

"चौकशी म्हणजे – उद्या काही झालं, तर ही स्वतःच्या पायावर उभी राहील का? एवढंच मला हवंय. व्हायोलिन जवळ आलं की लांब गेलं, मला काय करायचंय?"

ताटात तसंच टाकून उठले. हे कधी अन्न टाकत नाहीत. हल्ली जरा जराशा गोष्टीवरून भडकतात. झोपेत दात खातात. रक्तदाब तपासून घ्या म्हटलं, तर म्हणतात वेळ नाही.

चिमणी माझी बाजू घ्यायला गेली नाही. बाबांचंही बरोबर आहे, म्हणाली. आपल्याच करिअरबद्दल पोरगी इतकी थंड कशी?

१९ मे

ढमढममामाने मोठ्या मनाने सोय केली. टायरवरच्या स्टुडिओत एक तास मोकळा होता, त्यात चिमणीचं एक गाणं नमुना म्हणून ध्वनिमुद्रित केलं. म्हणाला, चारचौघांना ऐकवतो, कोरसला तरी नक्की घेतील.

काय गायली! मी तिचं गाणं रोज ऐकते, पण आजचं वेगळंच. टोपीवाल्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. त्या विणणाऱ्या बाई आजही होत्या, त्यांच्या सुया थांबल्या. मामा तर डोळे पुसत होता, तो चित्रपटातल्या कुत्र्यासाठीसुद्धा पुसतो म्हणा. पण मीही.

शेवटच्या ओळीआधी तिने श्वास घेतला. तो मी ऐकला. अवघड जागा नव्हती ती.

बाहेर आली तर पांढरीफटक. हात गार. सगळे वाहवा करत होते आणि ही चपला शोधत होती.

२० मे

आज कपडे वाळत घालताना मी विचारलंच. सरळ विचारलं, "काल काय झालं?"

"काही नाही."

"श्वास ऐकला मी."

ती चिमटे हातात घेऊन उभी राहिली. मग म्हणाली, "मला गायला आवडतं आई. पण काचेपलीकडून सगळे माझ्याकडे बघत होते ना, तेव्हा असं वाटलं की माझं काहीतरी घेऊन चाललेत. आणि परत देणार नाहीत."

"पहिल्या वेळी तसं होतं. सवयीने जाईल."

"मला ते जायला नकोय. मला घरात गायचंय. भांडी घासताना. बस."

मला काही उमजेना. "मग त्या दिवशी जेवताना कशाला ते सांगितलंस? बाबांशी एवढं भांडण ओढवून?"

एका चादरीची दोन टोकं आम्ही दोघींनी धरलेली.

"तुझं काम गेल्यापासून," ती म्हणाली, "तू फक्त माझं गाणं ऐकताना खूश दिसायचीस."

चादर वाळत घातली. चिमटे लावले. मग मी आत येऊन बसले.

२१ मे

दिवसभर काही सुचलं नाही.

२३ मे

आज ढमढममामाच्या ओळखीच्या एका फितीवाल्याची भेट ठरलेली होती, आधीपासून – जुन्या ध्वनिफिती दुरुस्त करतो म्हणे. रद्द करायला फोन उचलला आणि ठेवला. चिमणी म्हणाली, "तू जाऊन ये ना. सांग मला काय असतं ते." चौकशी चिमणीची आणि गेले मी एकटी. वाटेत दोनदा स्वतःला विचारलं, कशाला चालले आहेस बाई? पाय मात्र चालत होते.

जुन्या गोदामातला दुसरा मजला. फितीवाला किडकिडीत, चाळिशीचा, बोलताना कुजबुजतो. रेडिओच्या जुन्या फिती, घराघरांत धूळ खात पडलेल्या फिती, सगळ्या इथे येतात. त्यांचं गाणं सोडवून घ्यायचं आणि स्वच्छ करून ठेवायचं, हे काम. दारातच मी थबकले. कपाटाएवढी एक पेटी, काचेचं दार, आत दिवा आणि फितींची चाकं मांडून ठेवलेली.

"हे काय?"

"भाजतोय," तो कुजबुजला.

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. पण खरंच! जुन्या फिती चिकट होतात, तशाच लावल्या तर त्यांच्यावरचा थर सुटून येतो, गाण्यासकट. म्हणून आधी मंद आचेवर शेकायच्या, अगदी कोमट, तासन्‌तास. मग त्या थोडे दिवस नीट वाजतात. तेवढ्यात उतरवून घ्यायचं. म्हणाला, "घाई केली तर गाणं जातं, उशीर केला तरी जातं."

मग त्याने एक उतरवलेलं ऐकवलं. कोणातरी बाईचा आवाज, मागे नुसती खरखर, पावाचा कडक पापुद्रा चुरल्यासारखी. एक कळ दाबली. खरखर गेली. बाईही गेली – म्हणजे आवाज होता, पण बाई नव्हती. पुतळा गात होता.

"श्वास गेला," मी म्हटलं.

"हो ना. श्वास आणि खरखर मशीनला सारखीच वाटतात. धूळ पुसताना नाकच पुसलं जातं. मग माणसाने बसून ऐकावं लागतं. इथे श्वास आहे, ठेव. इथे नाही, काढ." त्याने मान चोळली. "सगळ्यांना गाणं ऐकायचं असतं. खरखर ऐकत बसायला माणूस मिळत नाही."

मी तिथून निघाले तेव्हा उन्हं उतरली होती. सकाळी गेले होते! जेवायचं विसरले. घरी सगळ्यांना वाटलं कुठे हरवले.

२४ मे

डोक्यात ती बाई गाते आहे. श्वासासकट.

२६ मे

परत गेले. न ठरवता गेले असं लिहिणार होते, पण इथे कोण वाचतंय – ठरवून गेले. इस्त्रीचे कपडे घालून.

फितीवाल्याला वाटलं मुलीचं विचारायला आले. "पाठवा की तिला," म्हणाला, "आवड असेल तर शिकवू."

"तिला नको आहे."

"मग?"

"तुमच्याकडे माणूस लागतो म्हणालात. मी चालेन का?"

सत्तेचाळिसाव्या वर्षी हे वाक्य म्हणताना जीभ अशी जड होते! साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहिल्यासारखं वाटलं. सगळं एका दमात सांगितलं – कोर्ट, साक्षी, पंख्याची घरघर, मशीन. संगीतातलं मला सा की काय तेही नीट कळत नाही, हेही सांगून टाकलं. तो ऐकत राहिला. मग एक हेडफोन पुढे केला. "हे ऐका. काय काय ऐकू येतं ते सांगा."

मुलांचं समूहगान. बहुधा तालमीचं असावं. मी डोळे मिटले. मागे एक शिक्षिका हळू आवाजात कोणाला तरी पुढे सरक म्हणत होती. एका मुलाला सर्दी होती. खिडकीबाहेर कोणीतरी अंगण झाडत होतं, आणि गंमत म्हणजे मुलं त्या झाडूच्या तालाला लागली होती, त्यांच्याही नकळत.

तेवढं सांगितलं. "झाडू काढू नका," म्हटलं. "काढला तर ती मुलं अशी का गातायत ते कळायचं नाही."

फितीवाल्याने स्वतः परत ऐकलं. दोनदा. मग कुजबुजला, "एक महिना बघू या?"

बघू! मला हा शब्द आज इतका गोड लागला.

२७ मे

घरी सांगायचं कसं?

२८ मे

चिमणीला आधी सांगितलं. तिने मला उचलूनच घेतलं, खरंच, जमिनीपासून. मग दोघी यांच्यासमोर बसलो. आधी ती बोलली. इंजिनिअरिंग नको, गाण्यातही नको, नकाशे करायचेत. जमीन मोजायची, नद्या, रस्ते, सगळं कागदावर आणायचं. त्याचा वेगळा अभ्यासक्रम असतो. सगळी माहिती काढून ठेवली होती पठ्ठीने, मी गावभर भटकत असताना.

"नकाशे करणाऱ्यांना सकाळी उठून कुठेतरी जावं लागतं," ती म्हणाली. "चिखलात वगैरे."

यांना हसू आलं. खूप दिवसांनी.

मग माझी पाळी. मी सांगितलं. मला वाटलं होतं, म्हणतील – या वयात? किंवा, खरखर ऐकायचे कोणी पैसे देतं का? पण हे नुसते बघत राहिले माझ्याकडे. मग विचारलं, "पक्कं आहे? म्हणजे महिन्यानंतर काढून नाही ना टाकणार?"

"मी चांगलं केलं तर नाही."

"तू चांगलंच करशील," म्हणाले आणि उठून गेले. बाथरूमचा नळ बराच वेळ चालू होता.

मला जरा लागलंच. अभिनंदन वगैरे काही नाही. पक्कं आहे का म्हणे!

३१ मे

चिमणीचा प्रवेश झाला. ढमढममामा फोनवर रडला, एवढा गळा वाया जाणार म्हणून. चिमणीने फोन हातात घेतला आणि त्याला त्याच्या आवडीचं गाणं अख्खं म्हणून दाखवलं. स्वयंपाकघरात, एका हाताने कांदे सोलत. स्टुडिओतल्यापेक्षा चांगलं झालं. ते कुठेच ध्वनिमुद्रित झालेलं नाही. मी होते, मामा होता, कांदे होते.

८ जून

पहिला आठवडा झाला. मान दुखते. कानांत संध्याकाळी शिट्टी वाजते, फितीवाला म्हणतो, मध्ये मध्ये उठून खिडकीशी उभं राहायचं. माझ्या शेजारी एक गप्प मुलगी बसते, तिचं काम फिती भाजणं. आज मला म्हणाली, "काकू, तुम्ही ऐकताना ओठ हलवता." साक्षी टाइप करताना हलायचे. ती सवय अजून जात नाही.

काय काय शिकले! खरखरीचे प्रकार असतात. फितीची खरखर वेगळी, मायक्रोफोनची वेगळी, पावसाची वेगळी. एका जुन्या गाण्यात सतत एक टक्‌ टक्‌ होती. फितीचा दोष म्हणून सगळे काढायला निघाले होते. दुपारपर्यंत ऐकून माझ्या लक्षात आलं, गाणाऱ्या माणसाच्या हातात काहीतरी आहे. अंगठी असेल, पेल्यावर आपटत असेल. खात्री नाही. फितीवाला म्हणाला, खात्री नसेल तर ठेवायचं. हा इथला नियम. कोर्टातही हाच असता तर बरं झालं असतं.

विणणाऱ्या बाईंचा निरोप आला मामाकडून – नव्या नोकरीबद्दल स्वेटर विणते आहे, माप पाठवा.

१४ जून

घरी येताना बसमध्ये कोणाच्या तरी फोनवर ते फरशी-हसलीचं गाणं लागलं. शेवटी 'हसली' मिळालेली दिसते. सांधा मला ऐकू आला. कोणाला सांगितलं नाही, एकटीच हसत बसले. शेजारची बाई जरा सरकून बसली.

१९ जून

हे आज दुपारीच घरी आलेले. मी कामावरून परतले तर स्वयंपाकघरात बसले होते, बूटसुद्धा न काढता. कारखाना बंद झाला. सगळ्यांनाच घरी पाठवलं. "मार्चपासून माहीत होतं," म्हणाले. "तुझं काम नुकतंच गेलेलं, चिमणीची परीक्षा. कधी सांगणार होतो?"

सगळा मे महिना हा माणूस हे पोटात घेऊन माझ्यासमोर जेवत होता.

मी शेजारी बसले. मग यांनी वाकून बूट सोडले, नीट जोडून ठेवले.

"उद्या नऊला निघतेस ना?"

"हो."

"डबा मी भरतो."